मिनिटांचा हिशेब आणि आडनावाची चौकशी

पुण्यात घर कुठे बघावे असे कोणालाही विचारा, उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही, मिनिटांत येते. वाकडहून हिंजवडी तशी जवळ, पण सकाळी नऊला निघालात तर तास गेला. वाघोली त्या मानाने स्वस्त, पण निम्मे आयुष्य नगर रस्त्यावर जाईल. धायरीला जायचे तर सिंहगड रस्ता तुंबलेला. टॉमटॉम या कंपनीने २०२४ सालासाठी जगातील शहरांच्या वाहतूक कोंडीची जी यादी काढली, तिच्यात पुणे चौथ्या क्रमांकावर होते. दहा किलोमीटर कापायला सरासरी ३३ मिनिटे. तेव्हा घराआधी रस्ता बघा, हा सल्ला चुकीचा आहे असे कोण म्हणेल? आम्हीही म्हणत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. हा सल्ला देणारा असे गृहीत धरतो की शहरातले प्रत्येक दार प्रत्येकाला उघडे आहे आणि निवड करायची ती फक्त वेळ आणि पैसा यांच्यात. या देशात कोणी कोणापासून किती अंतरावर राहायचे आणि ते अंतर कोणी चालायचे, याचा निर्णय घड्याळ येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला आहे.

आधी आमच्याविषयी थोडे. आम्ही दोघे आटपाडी तालुक्यातले, जिल्हा सांगली. एक जण समाजशास्त्रात एम.ए. करून सामाजिक संस्थेत काम करतो. कार्यालय शिवाजीनगरला आणि प्रत्यक्ष काम येरवडा-विश्रांतवाडीच्या वस्त्यांत. दुसरी परिचारिका, पिंपरीतल्या एका रुग्णालयात, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी. मुलगी यंदा पहिलीत गेली. सहा वर्षे आम्ही दापोडीत एका चाळवजा इमारतीत भाड्याने राहतो. मुलीच्या अभ्यासाचे टेबल आणि गावाहून आईचे येणे या दोन गोष्टी एका खोलीत मावेनात, तेव्हा गेल्या दिवाळीनंतर घर शोधायला सुरुवात केली. त्या शोधाने जे दाखवले ते लिहून ठेवावे म्हणून हा लेख.

आटपाडी म्हटले की मराठी वाचकाला माडगूळकर बंधू आठवतात, माणदेशातली मेंढरे आणि कोरडी माणगंगा आठवते. आम्हाला शंकरराव खरात आठवतात. १९२१ साली आटपाडीत जन्मलेला हा माणूस पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'तराळ-अंतराळ'. तराळ म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावे लागते. तराळ म्हणजे गावाचे पाय. सांगावा पोचवायचा, मयताची खबर परगावी न्यायची, सरकारी कागद पुढच्या गावच्या वेशीपर्यंत पोहोचता करायचा, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे. ऊन नाही, पाऊस नाही, रात्र नाही. म्हणजे गावात सगळ्यांत जास्त फिरणारा माणूस राहायला मात्र वेशीबाहेर. कामाच्या जागेपासून तुझे घर किती दूर असावे, असे त्याला कोणी विचारले नव्हते. बहुतेक गावांत महारवाडा पूर्वेला, कारण आपल्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो. नगररचनेचे शास्त्र आपल्याकडे नव्हते असे म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात घ्यावी.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, तराळकी संपली. २०२० साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, पाट्या बदलल्या. वस्ती जिथे होती तिथेच राहिली. (आमच्याच तालुक्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने तिथे १९३० च्या दशकाअखेरीस कैद्यांसाठी भिंती नसलेली वसाहत केली. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा सिनेमा त्याच प्रयोगावरून सुचला. खुनाची शिक्षा भोगणाऱ्यावर विश्वास टाकून त्याला मोकळे घर देता येते, हे ज्या मुलखाने दाखवून दिले, त्याच मुलखात गावकुसाबाहेरच्यांना आत घ्यावे असे मात्र कोणाला सुचले नाही.)

प्रवास आणि निवारा या दोन गोष्टी आपण वेगळ्या समजतो. बाबासाहेबांनी त्या कधी वेगळ्या समजल्या नाहीत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आठवणींच्या लेखनात जे प्रसंग आहेत, त्यांतले महत्त्वाचे प्रसंग वाहन मिळण्याचे किंवा राहायला जागा मिळण्याचे आहेत. पहिला प्रसंग आमच्याच बाजूचा, १९०१ चा. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार. सातारहून भीमराव, भाऊ आणि भाचे आगगाडीने मसूर स्टेशनला उतरले. तिथून बैलगाडी. जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोडगा निघाला तो असा की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. आता ते बॅरिस्टर, सरकारी समितीचे सदस्य. स्टेशनवर घ्यायला आलेल्या लोकांनी टांगा आणला, पण टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नाही. टांगा मिळाला, हाकणारा आपल्यातलाच एक, त्याला सवय नाही. मोरीवर टांगा कलंडला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. २८ वर्षांत शिक्षण बदलले, पद बदलले, वाहन बदलले. लगाम कोणी धरायचा हा प्रश्न तोच.

आणि मधला तो बडोद्याचा प्रसंग. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होतो. नोकरी आहे, पगार आहे, कचेरी आहे. राहायला जागा नाही. पारशी नाव सांगून पथिकाश्रमात काढलेले दिवस अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने संपवले. मित्रांच्या दारी गेले, दोन्हीकडे अडचण. रात्रीच्या गाडीची वाट पाहत बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. आज घर ते ऑफिस किती मिनिटे असे विचारणाऱ्याने हा प्रसंग एकदा वाचावा. ऑफिस होते, पण 'घर ते ऑफिस' यातले घरच नव्हते.

शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी आज कशाला, असे म्हणणारे आहेत. म्हणून आता आमच्या घरशोधाकडे येऊ.

पहिला पर्याय धायरी-नऱ्हे-आंबेगाव. सातारा-सांगलीकडची माणसे पुण्यात आली की कात्रजच्या आजूबाजूला थांबतात, कारण सातारा रस्ता तिकडून लागतो. आमचे चार नातेवाईक तिथे आहेत, गाववाले तर कितीतरी. पण तिथून पिंपरीची रात्रपाळी म्हणजे नवले पुलाचा उतार आणि पुढे बाह्यवळण मार्ग. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या उतारावर एकाच अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली होती. नंतरही तिथल्या अपघातांच्या बातम्या येतच राहिल्या. रात्री साडेसातला दुचाकीवर त्या रस्त्याने निघायचे आणि सकाळी आठला झोपेच्या डोळ्यांनी परत यायचे, हे आम्हाला मान्य नव्हते. हा पर्याय आम्ही नाकारला, आणि तो निव्वळ ट्रॅफिकमुळे नाकारला. असे नाकारण्यातही एक सुख असते. इथे नाकारणारे आम्ही होतो!

दुसरा पर्याय वाकड, ताथवडे, पुनावळे. नव्या सोसायट्या, लिफ्ट, मुलांना खेळायला जागा. पिंपरी जवळ. आधी वर्षभर भाड्याने राहून बघू, पटले तर विकत घेऊ, असा विचार. एजंटाने पहिल्याच दिवशी तीन फ्लॅट दाखवले. माणूस बोलका. खालच्या चौकातल्या मटण थाळीची त्याने स्वतःहून शिफारस केली. संध्याकाळी त्याचाच फोन आला.

"सर, पूर्ण नाव सांगता का? ओनरला कळवायचं असतं."

नाव सांगितले.

"गाव कुठलं म्हणालात?"

"आटपाडी."

"आटपाडीत कोण तुम्ही? म्हणजे पाहुणे वगैरे कुठले?"

"आम्ही बौद्ध."

"नाही नाही सर, तसलं काही नाही. ओनरला फक्त व्हेज फॅमिली पाहिजे, एवढंच."

दुसऱ्या ठिकाणी बोलणी टोकनपर्यंत आली होती. व्हॉट्सअॅपवर आधार कार्ड मागवले, आम्ही पाठवले. आमच्या डीपीवर दीक्षाभूमीचा स्तूप. तासाभरात निरोप आला की मालकांचा पुतण्या राहायला येणार आहे. पुढे पंधरा दिवस त्या फ्लॅटची जाहिरात तशीच चालू होती. पुतण्या काही आला नाही. तिसऱ्या ठिकाणी मालकांनी घर द्यायची तयारी दाखवली, बोलणेही आदबीचे. अट एकच, बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये नको, आतल्या खोलीत चालेल. "आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हो, पण खिडकीतनं दिसतो, सोसायटीत चर्चा होते." मुलगी सोबत होती. बाहेर पडल्यावर तिने विचारले, "फोटो कुणाला दिसला तर काय होतं?" सहा वर्षांच्या मुलीला याचे उत्तर कसे द्यायचे, हे समाजशास्त्राच्या एम.ए.ला शिकवत नाहीत.

सगळीच माणसे अशी भेटली असे नाही. ताथवड्यात एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्यांनी नाव, गाव, जात काही विचारले नाही. मुलगी कितवीत आहे आणि नळाला पाणी किती वाजता येते तेवढेच बोलणे झाले. भाडे आमच्या आवाक्याबाहेर होते. ते त्यांनी दोन हजारांनी कमीही केले, तरी जमले नाही. हेही नोंदवले पाहिजे. अकरा घरे पाहिली. रस्ता किंवा पैसा यांमुळे आम्ही सहा नाकारली, पाच घरांनी आम्हाला नाकारले. त्या पाचांपैकी एकानेही 'जात' हा शब्द उच्चारला नाही. व्हेज, कल्चर, कमिटी, फॅमिली टाइप. एका शब्दाच्या जागी आता चार शब्द आले आहेत, एवढाच काय तो बदल.

एका घराच्या अनुभवावरून समाजावर शिक्का मारता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून अभ्यास काय सांगतात ते पाहू. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात भाड्याच्या घरांसाठी वेगवेगळ्या नावांनी चौकशी करून पाहिली. तो अभ्यास २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. उच्चवर्णीय हिंदू नावाला जवळपास सगळीकडे होकार. दलित नावाला दहापैकी सुमारे चार ठिकाणी थेट नकार किंवा जादा भाडे, जादा अटी. मुस्लिम नावाची अवस्था त्याहून वाईट. त्याआधी २०१२ साली त्रिना विठयथिल आणि गायत्री सिंग यांनी २००१ च्या जनगणनेवरून देशातल्या सात सर्वांत मोठ्या महानगरांची पाहणी केली होती. तिचा निष्कर्ष असा की शहरात माणसे उत्पन्नावरून जितकी वेगळी राहतात, त्याहून जास्त जातीवरून वेगळी राहतात. शहरात जात विरघळते हे वाक्य शाळेच्या पुस्तकात छान दिसते.

कायद्याचे म्हणाल तर संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. मसूरचा रस्ता आणि महाडचे तळे त्या कलमात आले. खाजगी मालकाच्या भाड्याच्या फ्लॅटचे नाव त्यात नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. अल्पसंख्य समाजाला एकत्र राहावेसे वाटणे आम्ही समजू शकतो, तो प्रश्न सोपा नाही. पण ज्याच्या हातात जमीन, त्याच्या हातात दार, एवढे तर त्यातून दिसतेच.

आता दापोडी. इथे थोडे थांबावे लागेल, कारण शेवटी मिनिटांचा हिशेब इथेच जुळला. आणि का जुळला, त्यामागे इतिहास आहे.

पुण्याच्या आसपास बौद्धांच्या जुन्या वस्त्या कुठे आहेत पाहा. बोपोडी, दापोडी, खडकी, येरवडा, ताडीवाला रस्ता, पिंपरी, देहूरोड. जवळपास सगळ्या रेल्वेच्या, लष्कराच्या, कारखान्याच्या किंवा नदीच्या कडेला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. दापोडीला एसटीचा मध्यवर्ती कारखाना, जिथे गाड्यांचे सांगाडे बांधले जातात; आटपाडी आगाराच्या लाल गाडीत बसून पुण्याला आलेली आमच्याकडची काही माणसे पुढे त्याच कारखान्यात ठोकाठोकी करत राहिली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजोळची मंडळी आली ती इथेच. जिथे काम तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आणि जिथे दुसरे कोणी राहू इच्छित नव्हते तिथे झोपडी घातली. मुळा-पवनेचे पाणी पावसाळ्यात घरात, रुळांचा खडखडाट रात्रभर, कारखान्याचा भोंगा पहाटे. ही जागा त्यांनी निवडली नव्हती, त्यांच्या वाट्याला ती आली होती.

पण काळाची गंमत पाहा. जी जागा रेल्वेच्या कडेला म्हणून हलकी होती, तीच आज रेल्वेच्या कडेला म्हणून भारी झाली आहे. पुणे मेट्रो ६ मार्च २०२२ ला पिंपरी ते फुगेवाडी सुरू झाली, १ ऑगस्ट २०२३ ला फुगेवाडीहून पुढे शिवाजीनगरच्या दिशेने गेली, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला जमिनीखालून स्वारगेटला पोहोचली. आज दापोडीहून शिवाजीनगरचे कार्यालय पंधरा मिनिटांच्या आत, पिंपरीचे रुग्णालय तेवढ्यातच, रिक्षा नाही, सिग्नल नाही. मेट्रो बंद पडली तर लोणावळा लोकल आहे. दुपारी तिचा भरवसा नाही, पण सकाळ-संध्याकाळ चालते. दोघांचा मिळून दिवसाचा प्रवास तासाभरात होतो. वाकडच्या सोसायटीत लिफ्ट होती, पण दारातून बाहेर पडले की रस्ता हलत नव्हता.

आणि आई. आईने आमच्या सगळ्या तक्त्यांवर पाणी फिरवले. तिला आम्ही फोनवर सांगत होतो, इथून दवाखाना इतकी मिनिटे, तिथून शाळा तितकी मिनिटे. ती म्हणाली, "तुमचं हापीस किती लांब हाय ते मला सांगू नगा. तिथं रातीचं मला काय झालं, तर हाक मारली की कोन येतंय ते सांगा." आटपाडीला रेल्वे नाही. आई दिघंची, म्हसवड, दहिवडी, फलटण असा पाच-सहा तासांचा एसटीचा प्रवास करून येते, गुडघे धरून उतरते. पूर्वी स्वारगेटहून दापोडीला यायचे म्हणजे पीएमपीची बस शोधायची, चढायची, बोचके सांभाळत उभे राहायचे. आता त्याच स्वारगेटला ती सरकत्या जिन्याने खाली जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा जिन्यापुढे दोन मिनिटे उभी राहिली आणि मग नातीचा हात धरून पाय टाकला. आता एकाच गाडीत बसते आणि दापोडीला उतरते. कुठेही गाडी बदलावी लागत नाही. आटपाडी ते दापोडी हे अंतर आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर कमी झाले.

यावर आमचे एक जुने मित्र चिडले. चळवळीत आमच्या आधीपासूनचे, आता बँकेत अधिकारी, राहायला बाणेरला. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी गाव सोडा, शहरात जा म्हणून सांगितलं, ते एका महारवाड्यातून दुसऱ्या महारवाड्यात जायला नाही. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीतून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून राहायला गेले. तुम्ही शिकलेली माणसं परत वस्तीत घर घेता, उद्या पोरीच्या संगतीला काय?" मुद्दा हलका नाही. राजगृहाचा दाखला खरा आहे, आणि वस्तीत राहणे म्हणजे निष्ठा व वस्ती सोडणे म्हणजे गद्दारी असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. असे मानणाऱ्यांनी आपल्या कितीतरी हुशार पोरांना उगाच अपराधी करून सोडले आहे. जिला बाणेरला राहायचे आहे तिने जरूर राहावे, तिथे हॉलमध्ये फोटो लावावा आणि कोणी विचारले तर सांगावे.

पण मित्राला आम्ही दोन गोष्टी विचारल्या. एक, राजगृह बाबासाहेबांनी स्वतः बांधले, पुस्तकांसाठी बांधले; परळच्या दामोदर हॉलमधले त्यांचे कार्यालय आणि त्यांची माणसे तिथून दूर नव्हती. बाहेर पडणे म्हणजे तोडून टाकणे असा अर्थ त्यांनी केला नव्हता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'वस्तीतून बाहेर पडा' हा सल्ला पन्नास वर्षे ऐकला तेव्हा वस्तीला किंमत नव्हती. आज नेमकी मेट्रो दारात आली असताना तो सल्ला पाळला, तर फायदा कोणाचा? मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या परिघात वाढीव एफएसआय मिळतो. बिल्डरांची पत्रके आमच्या गल्लीत येऊ लागली आहेत; त्यांत 'मेट्रोपासून पाच मिनिटे' हे अक्षर सगळ्यांत मोठे असते. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत, त्यानंतर २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. ज्याचा कागद महापुरात वाहून गेला, ज्याचे नाव भावाच्या रेशन कार्डावर राहिले, तो कुठे जातो? आमच्या कामात आम्ही त्यांना भेटतो. ते मोशीच्या, चिखलीच्या पलीकडे जातात, आणि तिथून शहरात धुणी-भांडी करायला यायला दोन बस लागतात. पहाटे पाचची पहिली बस पकडणाऱ्या बाईची मिनिटे टॉमटॉमच्या सरासरीत धरली जातात की नाही कोण जाणे. तिच्या आजीला गावाने वेशीबाहेर ठेवले होते, तिला शहराचा बाजारभाव ठेवतो. तराळाचा प्रवास संपला असे आम्ही वर लिहिले; तो एसटीच्या थांब्यावर पुन्हा सुरू झालेला दिसतो.

मित्र म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोघं एक बीएचके घेऊन हे थांबवणार?" अर्थात नाही. पण ज्यांच्या आजोबांनी रुळांच्या कडेला पत्रा ठोकला, त्यांच्या नातवंडांनी त्या जागेला किंमत आल्यावर स्वतःहून उठावे, हे आम्हाला पटत नाही. आणि शिकलेल्यांपैकी कोणीच तिथे उरले नाही, तर सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा करार वाचणार कोण? बारीक अक्षरातला, इंग्रजीतला करार वाचता येणारे एखादे घर प्रत्येक इमारतीत असणे ही फार मोठी गोष्ट आहे. आम्ही आमच्या कामात पाहिले आहे, जिथे असे एक घर असते तिथे बिल्डरचा माणूस दुसऱ्यांदा येताना फाइल नीट लावून येतो.

मुलीच्या संगतीचा मुद्दा मात्र आम्ही मनावर घेतला. गल्लीत संध्याकाळी दारूडे असतात, पुतळ्यामागच्या कट्ट्यावर पोरे रिकामी बसतात, जयंतीची वर्गणी आणि डीजे यांवर होणारा खर्च पाहून वैताग येतो. हे लपवण्यात अर्थ नाही. पण वाकडच्या त्या हॉलमध्ये मुलीने जे विचारले होते, ते इथे तिला विचारावे लागत नाही. सकाळी विहारात लहान मुलांचा वर्ग असतो; तिथून आल्यावर ती आजीला पंचशील म्हणून दाखवते आणि आजीचे उच्चार सुधारते. आजी तिला जात्यावरच्या ओव्या शिकवते. दोघींची देवाणघेवाण बरी चालली आहे.

शेवटी घर ठरले ते स्थानकापासून सहा मिनिटांवर, जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, हा मोठा दोष. जिन्याला एका बाजूने लोखंडी कठडा आहे. दुसऱ्या बाजूने बसवून घेऊ, तेवढी परवानगी शेजाऱ्यांनी दिली. खिडकी रुळांच्या बाजूला. पाहायला गेलो त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मावशींनी विचारले, "गाव कुठलं?" आटपाडी म्हटल्यावर त्यांच्या जावेचे माहेर करगणीचे निघाले आणि चहा झाला. प्रश्न तोच होता, शब्दही तेच. फरक त्याच्या मागे काय येते त्यात होता.

घर सहचारिणीच्या नावावर घेतो आहोत. महिलेच्या नावे खरेदी केली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे एक कारण. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्याचे अनुयायी म्हणवून घ्यायचे आणि सातबारा मात्र पुरुषांच्याच नावावर ठेवायचा, हे आमच्या तालुक्यात आम्ही भरपूर पाहिले आहे, हे दुसरे. बँकेचे कर्ज मंजूर झाले आहे. दुय्यम निबंधक कार्यालयातली तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली.

त्यानंतरच्या रविवारी इमारतीच्या सभासदांची सभा आहे, एका बिल्डरचा प्रस्ताव आला आहे. आम्ही अजून सभासद नाही, पण घर विकणाऱ्या काकांनी त्यांच्यासोबत बसायला बोलावले आहे. तिथे तीन गोष्टी विचारायच्या असे आम्ही लिहून ठेवले आहे: नव्या इमारतीचा दरमहाचा देखभाल खर्च आजच्या घरांपैकी किती जणांना परवडेल, बांधकामाच्या काळात भाड्याने राहायचे तर तीस बौद्ध कुटुंबांना या परिसरात घरे कोण देणार, आणि करार मराठीत मिळेल का. तिसऱ्या प्रश्नावर काका म्हणाले, "तो तुम्ही नका विचारू, मीच विचारतो. मला इंग्रजी येत नाही हे त्यांना माहीत आहे."